मंडळी, धर्मग्राम आणि नित्यजीवन : मराठी ख्रिस्ती उपासनाजीवनाचा ऐतिहासिक अभ्यास (वऱ्हाडातील संतपरंपरेच्या संदर्भासह)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी दोन अंगांनी झालेले आहे. मिशनरी संस्थांनी काढलेल्या शाळा, दवाखाने, छापखाने व नियतकालिके यांचा वृत्तान्त हे एक अंग आणि धर्मांतर, त्यावरील वादविवाद व सामाजिक प्रतिक्रिया हे दुसरे अंग होय. या दोन्ही प्रकारच्या लेखनात संस्था आणि व्यक्ती ठळकपणे दिसतात; परंतु बाप्तिस्मा घेतल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी जात्यावर बसणारी बाई, रविवारी गावकीचे काम टाळावे की करावे या पेचात सापडलेला शेतमजूर, शाळेच्याच खोलीत उपासना चालविणारा शिक्षक यांचे धार्मिक जीवन मात्र त्यात क्वचितच येते. धर्म माणसाच्या जीवनात रुजला किंवा नाही याचा निर्णय अखेर याच ठिकाणी होत असतो.

प्रस्तुत निबंधात मराठी ख्रिस्ती समाजाचे स्थानिक उपासनाजीवन आणि नित्याच्या व्यवहारात ईश्वर पाहण्याची त्यांची रीत यांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. त्यासाठी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर), केडगाव आणि वसई ही तीन ठिकाणे निवडली आहेत. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या सातपुड्याच्या पायथ्याकडील बुलढाणा जिल्ह्याच्या पट्ट्यात आणि एकूणच वऱ्हाडात ख्रिस्ती वस्ती विरळ आहे. तथापि नित्यकर्मात देव शोधणारी एक समर्थ परंपरा येथे नांदते. तिच्याशी तुलना केल्याशिवाय मराठी ख्रिस्ती उपासनेचे मराठीपण नीट उलगडत नाही, म्हणून निबंधाच्या उत्तरार्धात ती तुलना केली आहे.

१. 'मंडळी' आणि 'धर्मग्राम' : दोन संज्ञा

मराठी ख्रिस्ती समाजात स्थानिक धर्मसमूहाला दोन नावे रूढ आहेत. प्रॉटेस्टंट परंपरेत 'मंडळी' हा शब्द वापरला जातो. मराठी बायबलमध्येही तोच आहे. मंडळी म्हणजे जमलेली माणसे. इमारत असो वा नसो, माणसे एकत्र आली की मंडळी झाली. तिचा धार्मिक कारभार पाहणाऱ्याला 'पाळक' म्हणतात. कॅथोलिक परंपरेत 'धर्मग्राम' हा शब्द आहे. ठरावीक हद्दीत राहणारे श्रद्धावंत, त्यांचे चर्च आणि त्यांचे धर्मगुरू मिळून धर्मग्राम होतो. अनेक धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत बनतो आणि त्यावर बिशप असतात.

या दोन शब्दांत दोन दृष्टी सामावलेल्या आहेत. मंडळीचा भर माणसांच्या एकत्र येण्यावर आहे, तर धर्मग्रामाचा भर भूमीवर, म्हणजे गाव, शेत, विहीर आणि स्मशान यांच्यासह असलेल्या वस्तीवर आहे. मराठी मुलखात 'ग्राम' हा शब्द केवळ वस्तीचा वाचक नाही. त्यात ग्रामदैवत, गावकी, बलुते आणि जत्रा हे सर्व गृहीत असते. त्यामुळे नवा धर्म स्वीकारणाऱ्या समूहापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो व्यवहाराचा. जुन्या गावात राहून नवी मंडळी कशी चालवावी? पुढील विवेचनात याच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिसून येतील.

२. अहमदनगर : मिशनकेंद्राकडून गावाकडे

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले. १८३१ मध्ये अहमदनगर येथे या मिशनचे केंद्र सुरू झाले. १८४२ मध्ये येथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले. मिस सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळेमुळे नगरचे नाव महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. जोतीराव फुले यांनी ती शाळा पाहिली होती. आरंभीच्या काळात धर्मांतर करणाऱ्यांत ब्राह्मण कुटुंबांतील काही तरुण होते. हरिपंत खिस्ती यांचा १८३९ मधील बाप्तिस्मा त्या काळी फार गाजला. त्यानंतर मात्र नगर जिल्ह्याच्या खेड्यांतून येणारा ओघ प्रामुख्याने महार व मांग समाजाचा होता.

१८५४-५५ मध्ये मिशनच्या अमेरिकेतील मध्यवर्ती मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी हिंदुस्थानातील कामाची पाहणी केली. स्थानिक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी, स्वतःच्या खर्चाने चालणारी आणि स्वतःचा प्रसार स्वतः करणारी असावी, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. इंग्रजी शाळांपेक्षा देशी भाषेवर, तसेच शहरातील केंद्रापेक्षा खेड्यांतील छोट्या मंडळ्यांवर भर द्यावा, असे धोरण त्यातून पुढे आले. मराठी पाळकांना दीक्षा देण्याची प्रक्रियाही याच दशकात सुरू झाली.

या धोरणाचा गावातील परिणाम समजून घेण्यासाठी तेथील व्यवस्था पाहावी लागते. खेड्यातील मंडळीला बहुधा स्वतंत्र प्रार्थनामंदिर नसे. आठवडाभर ज्या खोलीत मुले पाटीवर मुळाक्षरे गिरवीत, त्याच खोलीत रविवारी उपासना होई. शिकविणारा मास्तर हाच उपदेश करणारा असे. याचा एक परिणाम असा झाला की, वाचता येणे आणि प्रार्थना करणे या दोन गोष्टी त्या पिढीच्या मनात एकमेकींशी जोडल्या गेल्या. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले होते, त्याच्या दृष्टीने पोथी हातात घेऊन स्वतः वाचणे हाच एक धार्मिक अनुभव होता.

दुसरीकडे, गावातील आर्थिक संबंध पूर्वीचेच राहिले. महार-मांगांचे बलुते गावकीच्या कामांवर अवलंबून होते आणि त्या कामांत ग्रामदैवताच्या उत्सवातील सेवाही येत. बाप्तिस्मा घेतल्यावर ही सेवा करावी काय, न केल्यास बलुत्याचे काय होईल, रविवारचा विसावा पाळायचा तर येसकराची पाळी कोणी सांभाळावी, हे प्रश्न रोजच्या भाकरीचे होते. मिशनच्या दृष्टीने जो श्रद्धेच्या शुद्धतेचा प्रश्न, तोच गावकऱ्याच्या दृष्टीने चुलीचा प्रश्न होता. ग्रामीण मंडळीच्या इतिहासाचा खरा ताण येथे आहे.

उपासनेच्या रूपाच्या बाबतीत मात्र गावाने मिशनवर मात केली असे म्हणता येईल. आरंभीची ख्रिस्ती गीते पाश्चात्त्य चालींवर बेतलेली होती. रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन यांनी अशी अनेक गीते मराठीत आणली. परंतु अभंग, ओवी आणि कीर्तन यांवर वाढलेल्या कानांना ती परकी वाटणे स्वाभाविक होते. १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी नगरच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तनाला आरंभ केला. वीणा, टाळ, मृदंग, पूर्वरंग आणि उत्तररंग हा सर्व थाट तोच. आख्यान मात्र बायबलमधील. उपदेश ऐकावयास न येणारे गावकरी कीर्तनास येऊन बसू लागले. धर्म बदलला तरी ऐकण्याची रीत बदलण्याची आवश्यकता नाही, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

३. टिळक दांपत्य : अभंग आणि पाण्याचा घडा

ना. वा. टिळक (१८६१-१९१९) यांच्या रूपाने या प्रवाहाला मोठा कवी लाभला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनरी रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांनी नंतरच्या आयुष्यात महिपती, बहिणाबाई, तुकाराम आदी मराठी संतांच्या चरित्र-वाङ्मयाचे इंग्रजी भाषांतर करण्याचे व्रत घेतले, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. टिळक स्वतःही आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्यांच्या 'अभंगांजली'तील रचनेत हा पूल स्पष्ट दिसतो. त्यांची अनेक भजने मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'त समाविष्ट झाली आणि शंभर वर्षांनंतरही ती गायिली जात आहेत.

मराठी साहित्यात टिळकांची ओळख 'फुलामुलांचे कवी' अशी आहे. ही ओळख त्यांच्या धार्मिक काव्यापासून वेगळी मानण्याचा प्रघात पडला आहे. परंतु तो योग्य वाटत नाही. रानात एकटे उमललेले फूल, अंगणात खेळणारे मूल, घरातील पत्नी हे विषय त्यांनी ज्या भावनेने हाताळले, तीच भावना त्यांच्या भजनांत आहे. देव दूरच्या सिंहासनावर नसून जवळच्या वस्तूंत भेटतो, ही त्यांची धारणा दोन्ही ठिकाणी एकच आहे.

या धारणेची कसोटी काव्यात लागली नाही, ती घरात लागली. आणि तिचा वृत्तान्त त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) मध्ये आला आहे. लक्ष्मीबाईंचे बालपण नाशिकजवळच्या जलालपूर येथे सोवळ्याच्या विलक्षण कडक वातावरणात गेले. त्यांच्या वडिलांना बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन शुद्ध करून घेण्याचा ध्यास होता. अशा घरातून आलेल्या स्त्रीच्या पतीने धर्म बदलला तेव्हा तिच्यापुढे त्रैक्य किंवा तारण यांसारखा तत्त्वज्ञानाचा प्रश्न प्रथम आला नाही. प्रथम प्रश्न आला तो स्वयंपाकाचा आणि पाण्याचा. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीजवळ राहावयास आल्या, तेव्हाही त्यांनी आपले अन्नपाणी वेगळे ठेवले होते.

लक्ष्मीबाईंचे अंतःपरिवर्तन याच घड्याभोवती घडले. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच विचारला. तो माणसाचा असेल तर तो पाळण्याचे कारण नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी कोणाच्याही हातचे घेण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. येथील क्रम महत्त्वाचा आहे. त्यांच्या बाबतीत आधी पाणी एक झाले आणि मग धर्म एक झाला. धर्मांतराच्या बहुतेक इतिहासांत विचारातील बदल आधी आणि आचारातील बदल नंतर दाखविला जातो. 'स्मृतिचित्रे' सांगते की, घरातील स्त्रीच्या बाबतीत आचार हेच विचाराचे क्षेत्र असते. त्या काळच्या स्त्रीचे सारे आयुष्य चूल, पाणवठा आणि देवघर यांच्या त्रिकोणात जात असल्यामुळे तिची श्रद्धाही तेथेच बदलणे क्रमप्राप्त होते.

पुढे टिळकांनी राहुरी येथील मंडळीचे पाळक म्हणून काम केले. त्या काळातील त्यांचे घर हे मंडळीचे दुसरे उपासनास्थानच होते. अनाथ मुले, दूरचे नातलग, शिकावयास आलेले तरुण यांचा त्या घरात राबता असे. बालकवी ठोमरे (१८९०-१९१८) यांनाही टिळकांच्या घरी आश्रय व वात्सल्य मिळाले. प्लेगच्या दिवसांत टिळक दांपत्याने रुग्णांची शुश्रूषा केली. ओढग्रस्तीच्या संसारात पाहुण्यांची पाने वाढताना होणारी लक्ष्मीबाईंची धांदल, त्यांचा पतीवरील राग आणि त्या रागातूनही ओसंडणारी माया हे सर्व 'स्मृतिचित्रे'त विनोदाच्या अंगाने येते. उपदेशाचा अभिनिवेश त्यात नाही. त्यामुळेच हे आत्मचरित्र मराठी ख्रिस्ती घरातील भक्तिजीवनाचे सर्वांत विश्वसनीय साधन ठरते.

मिशनच्या वेतनावर चालणारे धर्मकार्य टिळकांना उत्तरोत्तर अडचणीचे वाटू लागले. पाळक हा पगारी नोकर आणि मंडळी ही मिशनची आश्रित, या रचनेत मराठी मनाला ख्रिस्त आपला वाटणार नाही, असे त्यांचे मत बनले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनपासून दूर होऊन सातारा येथे 'देवाचा दरबार' हा प्रयोग आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्यामुळे तो प्रयोग फार काळ टिकला नाही. तथापि अँडरसन यांनी कारभाराच्या दृष्टीने मांडलेले स्वावलंबनाचे सूत्र टिळकांनी भक्तीच्या दृष्टीने पुन्हा मांडले, असे म्हणता येईल.

टिळकांनी १९०९ मध्ये आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. टिळकांचे अध्याय दहा-अकरा, तर लक्ष्मीबाईंचे साठांहून अधिक. ज्या स्त्रीला जोडाक्षरे लिहिणे अवघड जात होते, तिने एवढी रचना केली याचे रहस्य ओवीत आहे. ओवी तिला शाळेत शिकावी लागली नव्हती. जात्याच्या घरघरीबरोबर ती कानांत मुरलेली होती.

४. केडगाव : श्रम आणि भाषा

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या केडगाव येथील 'मुक्ती'त मंडळीचे आणखी एक रूप पाहावयास मिळते. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढे पुण्यात गेले आणि १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो स्त्रिया व मुली यांच्यामुळे केडगावी एक वसाहतच उभी राहिली. १८९९-१९०० च्या दुष्काळाने ती अधिक विस्तारली. येथे आलेल्यांत बहुतेक जणी भूक, वैधव्य आणि निराधारपणा यांनी खचलेल्या होत्या. त्यांच्यासाठी प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत भिंत नव्हती. शेती, दळण, विणकाम, छापखाना ही सर्व कामे स्त्रियाच करीत. पोट भरण्यासाठी केलेले काम आणि देवासाठी केलेले काम यांतील भेद येथे मावळला, हे 'मुक्ती'चे वैशिष्ट्य होय.

रमाबाईंचे शेवटचे मोठे कार्य म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असल्यामुळे सामान्य स्त्रीला ते कळत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. स्वतः संस्कृतच्या पंडिता असूनही त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या, बायकांच्या तोंडच्या मराठीत हे भाषांतर केले. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी ते पूर्ण केले आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याची छपाई केडगावच्या छापखान्यातच झाली. देवाचा शब्द ज्या भाषेत ऐकावयाचा, ती भाषा विहिरीवर आणि चुलीपाशी बोलली जाणारी असावी, हा त्यांचा आग्रह होता. पांडित्याने आपला दिमाख उतरवून ठेवण्याचे असे उदाहरण विरळाच सापडते.

५. वसई : चर्च, क्रूस आणि शेत

वसईचा इतिहास याहून जुना आणि वेगळ्या वळणाचा आहे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांत धर्मग्रामांचे जाळे विणले गेले. आरंभी त्यामागे राजसत्तेचे बळ होते आणि जुन्या देवस्थानांचा विध्वंसही त्या इतिहासात आहे, हे नोंदवावे लागते. परंतु राजसत्ता गेल्यानंतरही हे धर्मग्राम टिकून राहिले, ही बाब केवळ सक्तीने स्पष्ट होत नाही. दोनशे वर्षांत उपासना शेतीच्या आणि घराच्या वेळापत्रकात मिसळून गेली होती.

वाडीच्या नाक्यावरील क्रूस, संध्याकाळी त्याच्यापाशी किंवा घरातील वेदीपाशी एकत्र म्हटली जाणारी जपमाळ, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेण्याचा 'आगेरा' हा सण, या सर्वांतून शेतकरी जीवनाची लय दिसते. नवे पीक आधी देवापुढे ठेवावे आणि मग तोंडात घालावे, हा मराठी शेतकऱ्याचा सर्वत्र आढळणारा संस्कार आगेऱ्यात कायम राहिला. घरात कादोडी वा अन्य स्थानिक बोली, गीतांत मराठी आणि मुख्य उपासनेत लॅटिन अशी भाषांची विभागणी दीर्घकाळ चालली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) उपासनेसाठी लोकभाषांची वाट मोकळी केल्यानंतर मराठी मिस्सा रूढ झाली. वेदीवरची भाषा आणि ओटीवरची भाषा जवळ आल्या.

१९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. वसईतून निघणाऱ्या 'सुवार्ता' मासिकाने धर्मग्रामाचे जीवन मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहाशी जोडले. त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले आणि २०२० मध्ये उस्मानाबाद (धाराशिव) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वसईच्या हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठी झालेल्या आंदोलनातही ते अग्रभागी होते. विहिरीचे पाणी, केळीची वाडी आणि शेतजमीन यांचे रक्षण करणे हा धर्मगुरूच्या कार्याचा भाग आहे, असे त्या आंदोलनात मानले गेले. 'धर्मग्राम' या शब्दातील 'ग्राम' येथे पूर्ण अर्थाने प्रत्ययास येतो.

६. वऱ्हाडातील समांतर परंपरा

वऱ्हाडात ख्रिस्ती कार्याचा विस्तार मर्यादित राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेने अकोला, खामगाव आदी ठिकाणी काम केले. तेथील मिशनरी जेनी फुलर यांचे हिंदी स्त्रीच्या दुःस्थितीवरील इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. कॅथोलिक व्यवस्थेत अमरावती हा स्वतंत्र धर्मप्रांत १९५५ मध्ये स्थापन झाला.

परंतु नित्यजीवनात देव पाहण्याचा प्रश्न घेतला तर वऱ्हाडची भूमी अत्यंत समृद्ध आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज शेगावी प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरील भाताची शिते वेचून खाताना, असे परंपरा सांगते. संताचे पहिले दर्शन सिंहासनावर किंवा समाधीत न घडता उकिरड्यावरील अन्नात घडते, ही प्रतिमा संग्रामपूर-शेगाव परिसरातील घराघरांत रुजली आहे. अन्न टाकू नये हा येथील साधा शिष्टाचार तिने धर्माच्या पातळीवर नेला. दासगणूंचा 'श्रीगजाननविजय' (१९३९) हा ग्रंथ ओवीबद्ध असून त्याचे पारायण घरोघरी होते.

गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) तर कीर्तनाआधी खराटा हाती घेऊन गाव झाडले. रात्री कीर्तन ऐकणाऱ्याने सकाळी पाहिलेला स्वच्छ रस्ता हेच त्या कीर्तनाचे निरूपण असे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांनी 'ग्रामगीता' (१९५५) या ४१ अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथात ग्रामसफाई, श्रम, आरोग्य, शिक्षण आणि सामुदायिक प्रार्थना यांना एकाच सूत्रात गुंफले. गाव हेच मंदिर आणि ग्रामसेवा हीच पूजा, हा या विचाराचा गाभा होय. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत विशिष्ट पंथाचा आग्रह नाही. सर्वांनी एका वेळी, एका ठिकाणी, शांत बसावे एवढीच अपेक्षा आहे. 'मंडळी' या शब्दाचा मूळ अर्थही हाच आहे.

येथे एक वाङ्मयीन धागा विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' (१६१६, राचोल) सुमारे ११ हजार ओव्यांचे आहे. टिळक दांपत्याचे 'ख्रिस्तायन' ओवीत आहे. 'श्रीगजाननविजय' आणि 'ग्रामगीता' हे ग्रंथही ओवीतच आहेत. इंग्रज जेझुइट, ब्राह्मण कुळातून आलेले ख्रिस्ती कवी, कीर्तनकार दासगणू आणि वऱ्हाडातील खंजिरीवादक संत यांनी चार वेगवेगळ्या काळांत एकच छंद निवडावा, हा योगायोग नव्हे. ओवी हा कामाचा छंद आहे. तो हातांना मोकळे ठेवतो. दळता-कांडताना, निंदताना, मूल झोपवताना म्हणता येतो. ज्याला मराठी माणसाच्या दिवसात देव आणावयाचा आहे, त्याला ओवीच्या वाटेनेच यावे लागते.

७. या जीवनाच्या मर्यादा

वरील विवेचनावरून स्थानिक उपासनाजीवनाचे चित्र एकरंगी करणे इष्ट ठरणार नाही. मंडळीत आल्याने जात संपली, असे झाले नाही. पूर्वाश्रमीच्या जातींची जाणीव विवाहसंबंधांत आणि मानापमानात दीर्घकाळ टिकून राहिली. लक्ष्मीबाईंनी जो घडा एक केला, तो प्रत्येक घरात एक झालेला नव्हता. दुसरीकडे, अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशाच्या कक्षेत १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध समाज आला; दलित ख्रिस्ती मात्र त्याबाहेरच राहिले. त्यामुळे गावाच्या लेखी जात कायम आणि कायद्याच्या लेखी जात संपलेली, अशी विचित्र अवस्था त्यांच्या वाट्यास आली.

स्त्रियांचा प्रश्नही असाच आहे. नित्यजीवनातील श्रद्धा प्रामुख्याने स्त्रियांनी जोपासली, परंतु मंडळीच्या कारभारात त्यांना स्थान फार उशिरा मिळाले. कॅथोलिक व्यवस्थेत पौरोहित्य आजही पुरुषांकडेच आहे. वारकरी परंपरेतही जनाबाई आणि बहिणाबाई यांचे अभंग सर्वत्र गायिले जातात. पण फडांचे अधिकार प्रायः पुरुषांकडे राहिले. दैनंदिन कामाला देवाचे काम म्हणून गौरविताना ते काम कोणाच्या वाट्यास येते, हा प्रश्न झाकला जाण्याचा संभव असतो. जनाबाईचे दळण देवाने दळले ही कथा सुंदर आहे. पण जनाबाई दासी होती, हेही त्या कथेतच आहे. अभ्यासकाने या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या पाहिजेत.

निष्कर्ष

१. मराठी ख्रिस्ती मंडळी स्थिरावली ती मिशनच्या इमारतींपेक्षा शाळेची खोली, घरचा घडा, शेत आणि छापखाना या नित्याच्या ठिकाणी. धर्मांतराचा इतिहास लिहिताना या ठिकाणांना प्राथमिक साधनांचा दर्जा द्यावयास हवा.

२. कीर्तन, अभंग आणि ओवी यांच्या स्वीकारामुळे उपासना मराठी झाली. हा स्वीकार प्रामुख्याने स्थानिक पाळक, कीर्तनकार आणि स्त्रिया यांच्याकडून झाला.

३. लक्ष्मीबाई टिळक यांच्या उदाहरणावरून आचारातील बदल विचारातील बदलाच्या आधी येऊ शकतो, हे स्पष्ट होते. 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाचे वाङ्मयीन मूल्य सर्वमान्य आहे. सामाजिक इतिहासाचे साधन म्हणूनही त्याचे मोल तितकेच मोठे आहे.

४. रविवारचा विसावा, बलुते, जात आणि आरक्षण यांच्या संदर्भात श्रद्धेला नेहमीच उपजीविकेशी झगडावे लागले. हा झगडा वगळून उपासनाजीवनाचा इतिहास पूर्ण होत नाही.

५. वऱ्हाडातील गजानन महाराज, गाडगेबाबा व तुकडोजी महाराज यांची परंपरा आणि मराठी ख्रिस्ती परंपरा यांचे तत्त्वज्ञान भिन्न आहे. परंतु अन्न, श्रम, स्वच्छता आणि सामुदायिक प्रार्थना यांत ईश्वर पाहण्याची रीत समान आहे. दोहोंची मुळे ओवी-कीर्तनाच्या एकाच मातीत आहेत.

१९७० मध्ये नागपूर येथे उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे एकत्रीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि नगरच्या जुन्या मिशनच्या मंडळ्या त्या व्यापक संस्थेचा भाग बनल्या. संस्थांची नावे आणि रचना बदलत राहतील. खेड्यापाड्यांतील मंडळ्यांच्या दप्तरांत, जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांत आणि वृद्ध स्त्रियांच्या तोंडी असलेल्या गीतांत या जीवनाची साक्ष अद्याप शिल्लक आहे. जाती गेली, पिठाच्या गिरण्या आल्या. त्यामुळे तोंडी परंपरेतील ओव्या विस्मृतीत जाण्याचा वेग वाढला आहे. महाविद्यालयांतील इतिहास व मराठी या विभागांनी आपापल्या तालुक्यातील हे साहित्य, ते कोणत्याही धर्माच्या स्त्रियांचे असो, संकलित करण्याचे काम हाती घेतले, तर सामान्य माणसाच्या देवाचा इतिहास लिहिण्यास आवश्यक ती साधने पुढील पिढीच्या हाती राहतील.